गुणिले सव्वासहा

आत्याच्या अंगाला वास यायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात या वासाचा मोठा हात होता, आणि त्या वासावरून मी किती वर्षं नाक मुरडलं ते झाकून मला साळसूदपणाचा आव आणायचा नाही.

वास मासळीच्या भुकटीचा. बारीक मासे वाळवायचे, दळायचे, पोत्यांत भरायचे, ती पोती बंद खोलीत रचायची आणि त्या खोलीत एका बाईने एकतीस वर्षं काम करायचं, म्हणजे तो वास तयार होतो. तो केसांत शिरतो, नखांत बसतो, कपडे तीनदा धुतले तरी बगलेत टिकून राहतो. साबणाला दाद देत नाही. आत्या व्हरांड्यातून जायला लागली की मी प्रयोगशाळेचं दार लावून घ्यायचे आणि ती गेल्यावर पाच मिनिटांनी उघडायचे. हे तिला माहीत होतं.

ती कोणाची आत्या? आता कोणाचीच नाही. फार पूर्वी तिचा भाचा आमच्या केंद्रात पंप चालवायचा. तो तिला आत्या म्हणायचा म्हणून सगळेच म्हणू लागले. भाचा चांगली नोकरी बघून निघून गेला, त्याने ठेवलेलं नाव मात्र मागे राहिलं. साहेबसुद्धा तिला आत्याच म्हणायचे. ज्या दिवशी तिच्यावर चोरीचा आळ घेतला त्या दिवशीही म्हणाले, "आत्या, पिशवी उघडा." पण ते पुढे.

आमचं केंद्र म्हणजे गोड्या पाण्यातल्या मिशीवाल्या माशांची पिल्लं तयार करायची जागा. ज्यांची तळी आहेत ते लोक आमच्याकडून पिल्लं नेतात आणि मोठी करतात. नुकत्या फुटलेल्या पिल्लांना आम्ही जिरे म्हणतो, कारण ती जिऱ्याएवढीच असतात. सहा आठवड्यांत ती बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणायचं आणि द्यायची पाठवून. हे मधले सहा आठवडे आत्याच्या हातात. बाकी आम्ही सगळे, म्हणजे साहेब, गेटवाला, पंपवाला आणि मी, तिच्या अवतीभोवती वावरणारी माणसं. अर्थात तेव्हा मला कोणी असं सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

या पिल्लांचं एक आहे. मोठा मासा अठ्ठावीस-तीस टक्के प्रथिनांच्या खाद्यावर मजेत राहतो. पिल्लाला चाळीसच्या वर लागतात. ते रोज अंगाने वाढत असतं, आणि अंग भुशाचं बनत नाही. प्रथिनं कमी पडली तर ते बिचारं मुकाट्याने उपाशी राहील असं समजू नका. ते शेजारच्या भावंडाकडे वळतं. आत्या हे टक्क्यांत सांगायची नाही. ती म्हणायची, "मोठ्यांना काय, पोट भरलं की झालं. या मेल्यांना अंगावर मांस चढवायचंय. त्यांना भुसा घातलात तर एकमेकांना खातील. मी पण खाल्लं असतं."

आणि खाद्य चांगलं की वाईट हे ती कसं ठरवायची? जिभेने. नवीन पोती आली की तीन वेगवेगळ्या पोत्यांत कोपरापर्यंत हात घालायची, तळातली चिमूट काढून जिभेवर ठेवायची, डोळे मिटून चघळायची आणि मग थुंकायची. कधी कधी गिळायचीसुद्धा. मी एकदा ते पाहिलं आणि त्या दिवशी डबा न उघडता घरी नेला.

माझी रीत स्वच्छ होती. खाद्य तोलायचं, तीव्र आम्लात टाकायचं, काळं होऊन पुन्हा निवळेपर्यंत उकळायचं, त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि आलेल्या आकड्याला सव्वासहाने गुणायचं. झाली प्रथिनं. सव्वासहानेच का, तर प्रथिनांत साधारण सोळा टक्के नायट्रोजन असतो म्हणून. तो नायट्रोजन आला कुठून, मासळीतून की आणखी कुठून, हे या रीतीत कोणी विचारत नाही. आम्लाला सगळं सारखंच. मलाही.

टाक्यांवरचे लोक मला बाटलीबाई म्हणायचे. आई माझ्या नाकाला वैतागलेली. ती म्हणायची, "जगाला नाकं मुरडतेस आणि स्वतः बोटाला थुंकी लावून पानं उलटतेस." ते खरं आहे. तेवढी एक घाण सवय मला शाळेपासून आहे. बाकी मी फार नीटनेटकी. आत्या खाद्याचा नमुना घेऊन आली की मी तिला आत येऊ द्यायचे नाही. "तिथेच ठेवा, उंबऱ्यावर," म्हणायचे. ती पुडी उंबऱ्यावर ठेवायची, मी चिमट्याने उचलायचे. बारा वर्षं हे चाललं आणि बारा वर्षांत मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या वर्षी साहेबांनी खाद्याचा पुरवठादार बदलला. साहेब अत्तराचे शौकीन. केबिनमधून बाहेर निघण्याआधी मनगटावर फवारा मारायचे, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे अत्तरसाहेब म्हणायचे. नवा पुरवठादार त्यांचा साडू निघाला. आधी गाड्यांचे टायर विकायचा, आता माशांचं खाद्य. पोत्यांवर उडी मारणाऱ्या माशाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'प्रथिने ४२%'. पोतं उघडलं तर वाससुद्धा जेमतेम. मला तर ते खाद्य पाहताक्षणी आवडलं. इतकं सभ्य खाद्य मी कधी पाहिलं नव्हतं.

पहिली पोती आली त्या दिवशी आत्या उंबऱ्यावर थांबलीच नाही. तरातरा आत आली, माझ्या बेसिनपाशी गेली आणि त्यात थुंकली. माझ्या बेसिनमध्ये. जिथे मी काचेची भांडी विसळते तिथे.

"बाई, हे गार लागतंय जिभेला," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आत्या, ही प्रयोगशाळा आहे, मोरी नाही. आधी बाहेर व्हा."

"होते. पण ऐका तरी. मासळी कधी गार लागत नाही. कडू लागेल, खारट लागेल, जुनी झाली तर घशाला खवखवेल. गार नाही लागत. यात काहीतरी भलतंच आहे."

"काय आहे ते मी मोजून सांगेन. तुम्ही बाहेर व्हा."

ती गेली. मी बेसिन तीन वेळा घासलं, दोनदा साबणाने आणि एकदा आम्लाने. मग मोजलं. बेचाळीस पूर्णांक एक. पोत्यावर लिहिल्याबरहुकूम, वर एक दशांश बक्षीस. मी अहवाल केला, खाली सही ठोकली आणि एक प्रत आत्याला मुद्दाम दाखवायला खाली गेले. दुरूनच दाखवली.

"बेचाळीस," मी म्हणाले. "वाचता येतं ना?"

"मला येतं," ती म्हणाली. "जिभेला येत नाही."

मला ते उद्धट वाटलं. आता आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

चार टाक्यांत साठ हजार पिल्लं होती. दुसऱ्या आठवड्यात त्यांना कोरडं खाद्य सुरू झालं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पंपवाला माझ्याकडे आला आणि म्हणाला, एकदा येऊन बघाच. मी सहसा टाक्यांवर जात नसे. गेले. पाण्यावर पिवळट फेस होता आणि उग्र दर्प येत होता. पिल्लांची डोकी वाढली होती, अंगं वाढली नव्हती. मोठं डोकं आणि मागे दोऱ्यासारखी शेपटी. काही थोडी मात्र चांगली लांबलचक आणि गुबगुबीत. ती कशावर गुबगुबीत झाली ते लगेच दिसलं. त्यातल्या एकाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर आलेली होती. शेपटी हलत होती. दोन्ही जिवंत होती.

आत्या गुडघ्यांवर बसून वाडग्याने गुबगुबीत पिल्लं वेगळी काढत होती. तळाशी अर्धी खाल्लेली शेकडो पडली होती, कोणाचं पोट नाही, कोणाचे डोळे नाहीत. ती नळीने त्यांना ओढून घेत होती.

"दिवसाला सहा वेळा घालते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पोटं भरलेली आहेत त्यांची. हात लावून बघा. पोट फुगलेलं आणि जीव उपाशी. एकतीस वर्षांत एक खेप वाया जाऊ दिली नाही मी."

हात लावून बघा म्हणे! मी दोन पावलं मागे सरले.

या बातमीवर साहेबांनी डोकं चालवलं. त्यांच्या डोक्याचा हिशेब सरळ होता. खाद्यात बेचाळीस टक्के प्रथिनं आहेत, प्रयोगशाळेचा तसा अहवाल आहे. पोती वेळेवर रिकामी होतात. तरी पिल्लं उपाशी. याचा अर्थ खाद्य पोत्यातून निघतं पण टाकीत पोचत नाही. मध्ये कोण आहे? आत्या.

संध्याकाळी पाच वाजता, सगळे घरी निघालेले असताना, गेटवर तिला थांबवलं. "आत्या, पिशवी उघडा." गेटवाल्याने पिशवीत नाक घातलं, दोनदा हुंगलं आणि मोठा शोध लागल्याच्या थाटात मान वर केली.

"साहेब, खाद्याचा वास येतोय!"

मी खिडकीत उभी होते. हसू यायला हवं होतं. जिच्या डबड्याला, चपलेला, केसांच्या पिनेलाही तोच वास, तिच्या पिशवीला दुसरा कुठला यावा? पण कोणी हसलं नाही. पिशवीत डबा होता, चष्म्याचं घर होतं आणि नातीसाठी एक जांभळी रंगीत पेन्सिल. पंचवीसेक माणसं बघत होती. गेटवाल्याने डब्याचं झाकण काढून तोही हुंगला.

"वास येतोय ना?" आत्या म्हणाली. "मग माझी कातडी पण चोरीचीच आहे. ती पण इथे काढून ठेवू का?"

साहेब म्हणाले, "तमाशा नको. अहवाल काही खोटं बोलत नाही." तेव्हा तिने वर खिडकीकडे पाहिलं. "बाई, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगा की यांना."

मी काय सांगणार? बाईला गार लागलं म्हणून? सगळ्यांसमोर माझ्या सहीवर मीच पाणी ओतू? "कागदावर आहे ते आहे," मी म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली. खाद्याच्या अपहाराचा संशय, चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये, मुख्य कार्यालयातून अधिकारी येतील. नोटिशीला माझ्या अहवालाची प्रत जोडलेली, बेचाळीसभोवती लाल गोल. जेवायच्या खोलीच्या वाटेवरच तो फळा. येता-जाता प्रत्येक जण वाचायचा आणि पुढे जाऊन जेवायचा.

टाक्यांवर गेटवाल्याची नेमणूक झाली. तो एका हाताने नाक धरायचा आणि दुसऱ्या हाताने घमेलं उपडं करायचा. दिवसातून दोनदा. त्याचं ते बघून मला पहिल्यांदाच माणसाची किळस आली, वासाची नाही.

आता नमुना आणून देणारं कोणी नव्हतं. तीन आठवड्यांनी साडूची नवी पोती आली तेव्हा मीच खाली जाऊन, हातमोजे घालून, पुडी बांधून आणली. तोलताना हातमोजा घसरत होता म्हणून काढून टाकला. वजन लिहायला वही उघडली. मागचं पान हवं होतं. बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

जीभ गार पडली.

थोडीशीच. पेपरमिंटचा तुकडा विरघळून गेल्यावर उरतो तेवढा गारवा, आणि त्यामागून खारट कडवटपणा. मी बेसिनकडे धावले आणि थुंकले. त्याच बेसिनमध्ये. नळ सोडून चूळ भरता भरताच मला कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते. युरिया. शेतात घालायचं खत. त्यात नायट्रोजन ठासून भरलेला. शंभर किलो खाद्यात पाच किलो युरिया मिसळला की माझी शहाणी रीत त्यालाही सव्वासहाने गुणते आणि चौदा टक्के प्रथिनं हवेतून निर्माण करते. आम्ल फसत नाही, ते विचारतच नाही. फसले होते मी, आणि तेही वरचा एक दशांश पाहून खूश होऊन.

खात्री करायला काय लागतं ते पुस्तकात होतं आणि आत्याच्या फडताळात होतं. कच्चं सोयाबीन. पिल्लांच्या खाद्यात घालण्याआधी ती ते नेहमी भाजायची. कच्चं बाधतं म्हणायची. फडताळात एक बरणी न भाजलेल्या दाण्यांची होती, वर तिच्या अक्षरात चिठ्ठी, 'कच्चे, हात लावू नये'. मी हात लावला. दाणे दळले, साडूच्या खाद्याच्या पाण्यात घातले, बाटलीला बूच मारलं आणि कोमट पाण्यात ठेवलं. कच्च्या सोयाबीनमध्ये एक पाचक द्रव्य असतं, ते युरियाचा अमोनिया करतं. अर्ध्या तासाने बूच काढलं. महिनाभर पाणी न पडलेल्या मुतारीचा भपका नाकात गेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हे मी बेचाळीस म्हणून पास केलं होतं. हे पिल्लं इतके आठवडे खात होती. मग मी खरी प्रथिनं वेगळी काढून मोजली. सत्तावीस. मोठ्या माशालाही धड पुरायची नाहीत.

बाटली घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी बूच काढू दिलं नाही.

"मॅडम, बसा," ते म्हणाले. मनगट नाकाशी धरून त्यांनी विचार केला. "सही कोणाची आहे?"

"माझी."

"म्हणजे साडू म्हणणार, तुमच्याच प्रयोगशाळेने पास केलं. मग मी काय म्हणू? पोती मी परत पाठवतो, ओल लागली म्हणून. विषय मिटला. तुमचंही नाव राहील, माझंही."

"आणि आत्याचं?"

"ती तशीही थकलीय हो. घरी बसेल, आराम करेल."

मी तिथेच उठून बाटली उघडली असती तर आज मान वर करून सांगता आलं असतं. मी बाटली घेऊन परत आले आणि दोन दिवस मूग गिळून गप्प बसले. दोन दिवस जेवले, झोपले, भांडी विसळली. स्वतःची शिसारी येणं म्हणजे काय ते तेव्हा समजलं. त्या शिसारीपासून दार लावून घेता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयातून चौकशी अधिकारी आल्या. मध्यमवयीन, चष्मा, हातात जाड फाइल. आत्यालाही बोलावलं होतं. ती साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीला टेकून उभी होती. कोणी तिला बस म्हटलं नाही. गेटवाल्याने वासाची साक्ष दिली. साहेबांनी अहवाल पुढे केला. अधिकारी बाईंनी मला विचारलं, "हा आकडा बरोबर आहे?"

"आकडा बरोबर आहे," मी म्हणाले. "पण ती प्रथिनं नाहीत." आणि टेबलावर बाटली ठेवून बूच काढलं.

साहेबांनी खिशातला रुमाल काढेपर्यंत वास त्यांच्यापर्यंत पोचला होता. गेटवाला दाराकडे पळाला. अधिकारी बाईंनी फाइलने तोंड झाकलं आणि आतूनच ओरडल्या, "काय आहे हे?" मी सांगितलं. साडूचं नाव सांगितलं, साडू कोणाचा ते सांगितलं, युरिया सांगितला, सत्तावीस सांगितलं. साहेब म्हणत होते, "मला काय माहीत, मलाच फसवलं," आणि अत्तर फवारत होते. अत्तर आणि मुतारी यांचा मिळून जो वास झाला तो मी जन्मात विसरणार नाही.

एकटी आत्या जागेवरून हलली नाही.

"हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"यांच्या. पोती आली त्याच दिवशी. जिभेवर. मला येऊन सांगितलं होतं. मी हाकलून दिलं."

मला वाटलं, आता आत्या काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "मी जाऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता गेली.

पुरवठा रद्द झाला. नोटीस उतरली. साहेबांची बदली वगैरे काही झाली नाही. त्यांनी साडूशी बोलणं टाकलं, एवढंच. आणि तेही आधीपासूनच फारसं नव्हतं म्हणतात. जुन्या पुरवठादाराला पुन्हा सांगितलं, त्याची पोती आली. आत्याला कामावर हजर व्हायचं पत्र गेलं. ती आली नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. टाक्यांवर गेटवालाच.

पाचव्या दिवशी मी साडूच्या खाद्याचा नवा अहवाल घेऊन तिच्या घरी गेले. मला त्याचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. 'तपासणीची पद्धत' या रकान्यात मी रासायनिक पद्धतीच्या वर लिहिलं होतं, 'जिभेने चव', आणि पुढे आत्याचं नाव. अधिकारी बाईंनी ते तसंच मंजूर केलं होतं.

दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या टोकाशी दोन खोल्या. जिन्यातल्या नळाखाली बादली आणि एका डबीत वेगळा साबण. कामावरून आल्यावर इथे आंघोळ केल्याशिवाय सून तिला आत घेत नसे, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. साबण कोरडा पडून भेगाळला होता. सुनेने दार उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "नका हो बोलावू त्यांना परत. घर कसं माणसांचं वाटायला लागलंय."

आत्या आत जमिनीवर बसली होती, मांडीवर नात, नातीच्या हातात जांभळी पेन्सिल. नात तिच्या दंडाला नाक लावून हुंगत होती. "आजी, तुला आता आजीचा वास येत नाही," ती तक्रार करत होती.

"साबणाचा येतोय," आत्या म्हणाली. "मलाच शिसारी आलीय त्याची." मग तिने मला पाहिलं.

मी पुढे होऊन कागद दिला. म्हणजे देऊ लागले.

"तिथेच ठेवा," ती म्हणाली. "उंबऱ्यावर."

मी ठेवला. वाकून उंबऱ्यावर ठेवला. सुनेला काही कळलं नाही, ती एकदा माझ्याकडे आणि एकदा सासूकडे बघत राहिली. आत्याने चष्मा शोधला, लावला, जागेवरूनच मान पुढे करून कागदाकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"किती उरलीत?" तिने विचारलं.

"साडेआठ हजार."

"साठातली?"

"हो."

"आणि खायला कोण घालतंय?"

"गेटवाला."

"दिवसाला किती वेळा?"

"दोनदा," मी म्हणाले.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो शब्द नव्हता. किडका दाणा दाताखाली आल्यावर निघतो तसा. तिने नातीला मांडीवरून उतरवलं, चपला घातल्या आणि कागद ओलांडून जिना उतरायला लागली. मी कागद उचलला आणि मागून निघाले. वाटेत मी बरोबरीने चालायला गेले की ती पाऊल उचलायची.

खाद्याच्या खोलीत ती सरळ नव्या पोत्यांकडे गेली. तीन पोती उघडली, कोपरापर्यंत हात घातला, तळातली भुकटी तळहातावर घेतली आणि तो हात माझ्यापुढे धरला.

"आधी तुम्ही."

तो वास. बारा वर्षं ज्याच्यासाठी दार लावलं तोच वास, नाकापासून चार बोटांवर. मी चिमूट घेतली. जिभेवर ठेवली. खारट, तेलकट, जुनाट, घशाला खवखवणारी. डोळ्यांत पाणी आलं. मी थुंकले नाही. तिच्यासारखे डोळे मिटले आणि चघळली.

"गार नाही," मी म्हणाले. "आत्या, हे गार नाही लागत. चांगलं आहे."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग उरलेल्यातली एक चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि सावकाश, नेहमीपेक्षा जास्त वेळ, चघळत राहिली. मला तिने एवढं चाखायला लावलं, पण माझ्या शब्दावर एक पिल्लूसुद्धा सोडायची तिची तयारी नव्हती.

मग ती थुंकली, घमेलं उचललं आणि टाक्यांकडे गेली.